कणकेच्या गोळ्या

आम्ही गाडी लावली तेव्हा शेजारचा माणूस एका माशाचं डोकं हातोडीनं फोडत होता. मासा चांगला हातभर लांब, मिशाळ. पहिल्या घावानंतरही तो शेपटी आपटत होता, दुसऱ्या घावाला थांबला. मग त्या माणसानं पकड घेतली, खिळे उपटायची असते तीच, आणि पायातला मोजा ओढून काढावा तशी त्याची कातडी गळ्यापासून शेपटीपर्यंत ओढून काढली. आम्हाला बघून तो हसला आणि रक्तानं माखलेला हात हलवून "वेलकम" म्हणाला.

माझ्या मुलीनं डोळे गच्च मिटून घेतले. नवऱ्यानं हात हलवला. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, खिडकीतून बघत म्हणाले, "कसाई आहे की रे हा."

मला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं. आमच्या घरात कसाई हा शब्द एकाच माणसासाठी वापरला जायचा, तोही कुजबुजत, आणि तो माणूस आत्ता माझ्या शेजारी नाकाला रुमाल लावून बसला होता.

अण्णा सांगलीच्या एका शाळेत ड्रिलचे मास्तर होते. मैदानावर त्यांची शिट्टी वाजली की पोरांची पाचावर धारण बसायची. घरी शिट्टी नव्हती, हात होता. भाजीत मीठ जास्त पडलं की आईला, गणितात मार्क कमी पडले की भावाला. मी उलटून बोलायचे, त्यामुळे माझ्यासाठी वेगळं कारण शोधावं लागायचं नाही. कधी छडी, कधी कमरेचा पट्टा, आणि एकदा पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, फेकून. त्या तांब्याची खूण माझ्या डाव्या भुवईत आहे. तिथे केस उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवताना आईनं जखमेवर हळद दाबली आणि बजावलं, "बाईंनी विचारलं तर पायरीवर पडले म्हणून सांग." बाईंनी विचारलं, मी सांगितलं. पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत आले. साखरपुड्यानंतर नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं त्या खुणेवर बोट ठेवून विचारलं होतं, त्यालाही तेच सांगितलं.

आमच्या गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून होती. आमच्याकडे पट्टा निघाला की बक्कल वाजल्याचा आवाज पलीकडे जायचा. मग खिडक्या लागायच्या. आधी पाटलांच्या... नाही, नावं कशाला घ्यायची? सगळ्यांच्याच लागायच्या. भली माणसं होती. दिवाळीला फराळाची ताटं पाठवायची, आईला बरं नसलं की डबा आणून द्यायची. पण त्यांच्यातलं एकही माणूस कधी आमचं दार वाजवायला आलं नाही. आजही कुठे खिडकी जोरात लागली की माझी पाठ आखडते.

हे सगळं मागे टाकून मी टेक्सासात, शुगर लँडला संसार मांडला होता. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मी घरी, मुलगी दुसरीत. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, म्हणून दोन हजार चार साली त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. "तुला काय वेडबीड लागलंय का?" असं माझ्या भावानं फोनवर विचारलं. त्याला मी म्हणाले, म्हातारं माणूस आहे, लोक काय म्हणतील. खरं कारण वेगळं होतं. नातीसमोर तरी हा माणूस बदलतो का, ते मला बघायचं होतं.

नाही बदलला. आल्यावर महिनाभर सरळ होता. मग एका दुपारी माझ्या मुलीनं अर्धी पोळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. अण्णा म्हणाले, उचल. ती म्हणाली, "यक्, आजोबा, इट्स गार्बेज नाऊ." आणि फाडकन आवाज झाला. मी वळून बघितलं तर तिच्या गालावर बोटं उमटली होती. ती रडली नाही. नुसती आ वासून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात तिला कुणी मारलेलं नव्हतं, त्यामुळे आत्ता काय झालं हेच तिला कळेना.

मला कळलं. मी ओट्यावरचं लाटणं उचललं आणि अण्णांच्या तोंडासमोर धरलं. "पुन्हा तिच्या अंगाला हात लावाल तर तो हात मोडीन आणि मोडक्या हातानिशी विमानात बसवून देईन." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर काही उगारलं होतं. लाटणं जरासुद्धा हललं नाही. अण्णा त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी नवऱ्यानं मुलीला मांडीवर घेतलं, लाड केले, आणि हळूच म्हणाला, "बेटा, शाळेत कुणाला सांगू नको हं. डोन्ट टेल युअर टीचर, ओके?" मी त्याच्यावरही खेकसले. पण त्याची भीती मला ठाऊक होती. आमच्या मराठी मंडळात असले किस्से फिरायचे. कुणाच्या तरी मुलानं शाळेत सांगितलं, घरी सरकारी बाई आली, मुलाला चार दिवस काढून नेलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण सगळेच घाबरून असायचे.

घरात कुणी कुणाशी धड बोलेना. तेव्हा नवऱ्यानं मे महिन्याच्या लाँग वीकएंडला आरव्ही भाड्यानं घेतली. चाकांवरचं घरच ते, झोपायचे बाक, शेगडी, संडास, सगळं आत. "अगं, जरा मोकळ्या हवेत जाऊ या यार," तो म्हणाला. "तळ्याकाठी बसलं की माणसं आपोआप शांत होतात." मी एका अटीवर तयार झाले. मुलगी अण्णांबरोबर एकटी राहणार नाही. माझी नजर तिच्यावर असेल.

तर असे आम्ही त्या तळ्यावर पोचलो होतो. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीसाठी आखलेली जागा आणि जागेपाशी एक खांब. खांबावर विजेचा प्लग, शेजारी पाण्याचा नळ, जमिनीत मैला सोडायचं भोक. तिन्ही जोडण्या गाडीला करायच्या की झालं घर तयार. याला हूकअप म्हणतात. नवऱ्यानं माहितीपुस्तिका मोठ्यानं वाचत वाचत तिन्ही जोडण्या केल्या. तेवढ्यात मुलगी लाल मुंग्यांच्या वारुळावर उभी राहिली आणि तिच्या पोटऱ्या फोडांनी भरल्या. पलीकडे कुणाची तरी कार्टी छर्‍याच्या बंदुकीनं कासवं टिपत होती. तळ्यात शिरलेल्या लाकडी धक्क्याजवळच्या फळीवर दिवसभर मासे ठोकले आणि सोलले जात होते. माणसं कशी काय शांत होणार होती इथे, ते मला कळेना.

अण्णांना मात्र वेगळंच काही सुचलं. सांगलीला ते रोज संध्याकाळी घाटावर जाऊन कृष्णेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायचे. रिटायर झाल्यावर सुरू केलेलं पुण्याचं काम. इथेही पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे मूठभर कणीक मागितली. "सगळे मारायलाच बसलेत इथं," ते म्हणाले. "एकानं तरी घास घालावा की."

धक्क्यावर पाटी होती. पिवळी, मोठी, चित्रासकट. ॲलिगेटरना खायला घालू नका. नवऱ्यानं ती अण्णांना वाचून दाखवली.

"मी मगरीला कुठं घालतोय?" अण्णा म्हणाले. "मी माशांना घालतोय."

बरोबरच होतं की ते. शिवाय मगरींबद्दल आम्ही अण्णांना काय शिकवणार? कृष्णेत सांगलीजवळ मगरी आहेतच. लहानपणी ते त्याच पाण्यात पोहले होते. मगर उगाच माणसाच्या वाटेला जात नाही, असं ते छातीठोक सांगायचे.

आपल्याकडचे लोकच अशी चूक करू शकतात. पाटी वाचायची, समजून घ्यायची, आणि मग पुण्यकर्माला काय पाटी लागू होते, असं म्हणून पुढे जायचं.

धक्क्याच्या टोकाला बसून अण्णा कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या वळायचे आणि एकेक करून पाण्यात सोडायचे. खालून मासे उसळून यायचे. सोडताना त्यांची बोटं इतकी हळू उघडायची, की बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढी माया होती तर हातात? मग आमच्या वेळी कुठे ठेवली होती?

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी लांब उभी राहून बघत होती. अण्णांनी तिला बोलावलं नाही. नुसती कणकेची परात थोडी बाजूला सरकवली. थोड्या वेळानं ती जाऊन परातीच्या पलीकडे बसली. तिनंही गोळी वळली, टाकली, मासा आला, आणि ती खळखळून हसली. थप्पड खाल्ल्यापासून ती त्यांच्याजवळ पहिल्यांदाच बसली होती. मी थालीपीठं लावत होते. एक डोळा तव्यावर, एक डोळा धक्क्यावर.

शेवटच्या संध्याकाळी मी असाच बाहेरच्या टेबलावर विजेचा तवा मांडला होता. आत एसी चालू. नवरा गाडीच्या पलीकडे हातमोजे चढवून मैल्याची नळी सोडवत होता, दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून. मुलगी आणि अण्णा धक्क्यावर. एकदम तवा बंद पडला, एसी बंद पडला. एवढा भार त्या खांबाला झेपला नव्हता. खांबावरचं बटण वर करायला मी गाडीच्या मागे गेले. तेवढ्यात किंकाळी आली.

माझ्या मुलीची किंकाळी मी हजारात ओळखेन. मी उलथनं घेऊन धावले.

धक्क्यावर मुलगी आडवी पडलेली. तिचा उजवा हात कोपराच्या वर नको तिथे वाकलेला. तिच्यापासून चार फुटांवर अण्णा पालथे, आणि त्यांच्या पाठीत गुडघा रोवून बसलेला शेजारचा माणूस. अनवाणी, उघडा, मानेच्या शिरा फुगलेल्या. त्यानं अण्णांचा हात पाठीमागे पिरगळला होता आणि ओरडत होता, "मी बघितलं! त्यानं पोरीला उचलून आपटलं! मी स्वतः बघितलं!"

मला बाकी काही विचारावंसं वाटलं नाही. मी गेले आणि अण्णांच्या बरगडीत लाथ घातली. जोरात. ती लाथ त्या संध्याकाळची नव्हतीच. फार वर्षांपासून ती माझ्या पायात होती, आणि घातल्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अण्णा कण्हले. तोंड फळीवर दाबलेलं, ओठ फाटलेला. ते म्हणत होते, "मगर." मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना. "अगं मगर... पोरीला मागं घे... मगर..."

मी मान वळवली. धक्क्याच्या टोकाशी पाण्यातून एक डोकं वर आलं होतं. काळं, लांब, खरबरीत. त्याच्या जबड्यात आमची ॲल्युमिनियमची परात होती, कागद चुरगाळावा तशी चुरगाळलेली. ते पाण्यात गेलं, परात आपटल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा तिथेच वर आलं. पळून जायची त्याला काही घाई नव्हती. रोज इथे कणीक मिळत होती, कणकेला मासे येत होते, आणि माशांना मगर.

मी मुलीला काखेत धरून मागे ओढलं. ती हात दुखून विव्हळत होती. मग मी त्या माणसाला खेचायला लागले. "सोड त्यांना! ॲलिगेटर! बघ, ॲलिगेटर!" तो माझ्याकडे बघेचना, गुडघा दाबतच होता. अण्णांचा चेहरा निळा पडायला लागला. शेवटी मी त्याच्या दंडाला चावले. रक्त तोंडात येईपर्यंत चावले. तेव्हा कुठे तो ओरडून उठला आणि त्याला ते डोकं दिसलं.

नंतर अण्णांनी सांगितलं ते असं. गोळ्या टाकत असताना मासे एकदम नाहीसे झाले. गोळ्या नुसत्याच बुडायला लागल्या. मगर खाली आली की असं होतं, हे त्यांनी घाटावर एकदोनदा बघितलं होतं. माझी मुलगी मात्र टोकाशी पालथी पडून पाण्यात हात घालून बसली होती, मासे बोटांना लागतात म्हणून. त्यांनी हाक मारली नाही. हाक मारली की पोरगी आधी "व्हॉट?" म्हणते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिचा दंड धरला आणि सगळी ताकद लावून मागे भिरकावली. ज्या जागी तिचा हात होता तिथे जबडा मिटला.

सुटीमुळे कॅम्पग्राउंडवर एक पोलीस फिरत होता. शेजाऱ्याच्या बायकोनं फोन लावला आणि तो लगेच आला. तरुण होता, टोपी काढून मुलीशेजारी गुडघ्यावर बसला. ॲम्ब्युलन्स वाटेत होती. नवरा हातमोजे न काढताच मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोलिसानं शेजाऱ्याला विचारलं. शेजारी दंडाला फडकं दाबत म्हणाला, "ॲलिगेटर होता, मान्य. मीही बघितला. पण तो हात ज्या पद्धतीनं पोरीवर पडला ना ऑफिसर, तो सवयीचा हात आहे. मी असल्या हाताखाली वाढलोय. मला ओळखू येतो."

पोलिसानं वही बाजूला ठेवली आणि माझ्या मुलीला विचारलं, हाताला कसं लागलं, राजा?

मुलीनं आधी फाटक्या ओठाच्या आजोबांकडे बघितलं. मग बापाकडे. मग म्हणाली, "आय फेल डाउन."

मी तिला हे शिकवलं नव्हतं. मी जीव गेला तरी शिकवलं नसतं. शाळेत सांगू नको, एवढं एक वाक्य तिच्या कानावर पडलं होतं, बाकीचं तिचं तिनं जुळवलं. सात वर्षांच्या पोरीनं. मला माझी आई आठवली, हळदीची बोटं आठवली.

पोलिसाचा चेहरा बदलला. एक माणूस सांगतोय आपटलं, पोरगी सांगते पडले. तो उभा राहिला आणि माझ्याकडे वळला. यांनी हिला याआधी कधी मारलंय का?

हो म्हटलं तर सत्तरीच्या म्हाताऱ्याला बेड्या, आणि ज्या दिवशी त्यानं पोरीला वाचवलं त्याच दिवशी. शिवाय आमच्या घराची चौकशी, कदाचित पोरगीच काढून नेतील. नाही म्हटलं तर माझ्या पोरीसमोर, तिच्या डोळ्यांदेखत, मी माझी आई होणार. नवरा खालून माझ्याकडे बघत होता. त्याची मान नकळत डावीकडून उजवीकडे हलत होती. नाही म्हण, नाही म्हण.

"येस," अण्णा म्हणाले.

ते धक्क्याच्या खांबाला धरून उभे राहिले होते. चष्मा गेलेला, शर्टावर रक्त. त्यांनी खांब सोडला आणि हात शिवणीला लावून सावधानमध्ये उभे राहिले, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहायचे तसे. मला वाटलं होतं त्यांना इंग्रजी प्रश्न समजला नसेल.

"शी डिड नॉट फॉल," ते म्हणाले. "आय थ्रू हर. बिफोर, आय हिट हर. वन टाइम." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माय डॉटर, मेनी टाइम्स. माय सन. माय वाइफ. मेनी, मेनी टाइम्स."

ह्या वाक्याची मी जन्मभर वाट बघितली होती. आई मरताना ते बोलतील असं वाटलं होतं. बोलले नाहीत. आणि आता ते बोलत होते कुणाशी, तर एका परक्या पोराशी, परक्या भाषेत, आणि आमच्या बाजूनं साक्ष द्यायला एक मगर तेवढी पाण्यात उभी होती. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की रडू फुटलं.

"हे खरं आहे का, मॅडम?" पोलिसानं मला विचारलं.

आजपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं. मग धक्क्याच्या टोकाला जाऊन फळीवरच्या दातांच्या खुणा बघितल्या, पाण्यातलं डोकं बघितलं, पिवळी पाटी बघितली. अण्णांना त्यानं अटक केली नाही. एवढंच म्हणाला की घरी कुणीतरी भेटायला येईल आणि तोपर्यंत आजोबांनी मुलीजवळ एकटं राहू नये. नंतर एक बाई खरंच घरी येऊन गेल्या. मुलीशी वेगळ्या खोलीत बोलल्या, चहा नको म्हणाल्या आणि गेल्या. कुणी कुणाला काढून नेलं नाही. आम्ही सगळे ज्या गोष्टीला घाबरत होतो ती एवढीशीच निघाली. अण्णा ठरल्याआधीच परत गेले, आपल्या मर्जीनं. पुढे घाटावर ते कधी कणीक घेऊन गेले नाहीत, असं भाऊ सांगतो.

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. मुलीच्या हाताला प्लास्टर घालून आम्ही इस्पितळातून कॅम्पग्राउंडवर आलो, गाडी न्यायला. मुलगी आत बाकावर झोपली. अण्णा समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि मी दार सताड उघडं ठेवलं. शेजारचा माणूस आला. त्याच्या दंडाला पट्टी होती. त्याला पाण्याकाठी अण्णांचा चष्मा सापडला होता, एक काच फुटलेला. त्यानं तो माझ्या हातात दिला. तो सॉरी म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही. मी त्याच्या पट्टीकडे बघत राहिले आणि मला आमची गल्ली आठवली. इतक्या घरांत असा एक माणूस पाहिजे होता. अनवाणी धावत येणारा. खरंखोटं नंतर बघू म्हणणारा. आणि तो भेटला तर मी त्याला चावले.

"थँक यू," मी त्याला म्हणाले. चष्म्याबद्दल आहे असं त्याला वाटलं असेल.

धक्क्याकडे एक ट्रक उलटा लावला होता. माणसांना सरावलेल्या मगरीला जिवंत ठेवत नाहीत म्हणे. दोघं जण दोर, गळ आणि बंदूक घेऊन आले होते. शोधावं लागलं नाही. ती मगर धक्क्याच्या टोकाशी, कणकेच्या जागेवर, वाट बघत होती. नवरा आणि मी गाडीच्या मागे जोडण्या सोडवत होतो. त्यानं नळाचं पाणी बंद केलं, मी विजेची केबल गुंडाळायला घेतली. तेवढ्यात तळ्यावरून पाणी खूप आपटल्याचा आवाज आला, आणि मग गोळीचा. एकच. गाडीच्या आतून अण्णांचा हुंदका ऐकू आला.

नवरा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होता. कालपासून तो माझ्याशी धड बोलला नव्हता. त्यानं हात पुढे केला आणि माझ्या डाव्या भुवईला, तिथे केस उगवत नाहीत तिथे, बोट लावलं.

"हे?" त्यानं विचारलं. "पायरीवर ना?"

मी केबलचा शेवटचा वेढा घातला.

"नाही," मी म्हणाले. "मी पडले नव्हते."